घराजवळची नोकरी

अपेक्षाला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. विमान कंपनीत राहून कॅप्टन व्हायचं, म्हणजे वर्षानुवर्षं कॉकपिटच्या आणि हॉटेलांच्या न उघडणाऱ्या खिडक्या. नाहीतर यवतमाळजवळ नव्या वैमानिकांना शिकवायचं आणि रोज दिवेलागणीला आर्णीच्या घरी यायचं. तिचं मन केव्हाचंच घरी येऊन बसलं होतं. ते आईला सांगायला ती थेट वावरात गेली.

कोकिळाबाई ओटी बांधून कापूस वेचत होत्या.

"आई, मी मोठ्या विमानाची नोकरी सोडून राह्यली. आता इथंच, तुह्याजवळ."

"काहून? कोणी काही बोललं का तुले?"

"नाही वं. तुले इथं एकटीले करमत नसन, म्हणून."

आईने पुढचं बोंड वेचलं.

तेवढ्यात वरून विमान गेलं. कोकिळाबाईंनी कमरेवर हात देऊन पाठ सरळ केली आणि ते दिसेनासं होईस्तोवर त्या पाहत राहिल्या.

सोबत वेचणारी रामीबाई हसली. "पोरगी जवळ उभी, अन् ही वर पाहून राह्यली! रोजचंच आहे हिचं. विमान दिसलं का तेवढी उभी राह्यते, नाहीतं दिवसभर वाकलेलीच."

अपेक्षालाही हसू आलं. "आई, मी तं इथं आहो!"

"हो ना बाई," म्हणत आई पुन्हा ओळीत वाकली.



"मंग उद्यापासून मी मान वर कायले करू?"