काचेवर ठेव

"वाकलाय," नवरा म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

चष्मा त्याचाच होता, त्यानंच घडवलेला, शिसवी लाकडाचा. धक्का लागलेल्या तसबिरीसारखा तो डावीकडे उतरला होता. तिनं सरळ केला. त्यानं मान वळवली, चष्मा पुन्हा उतरला.

"बघते दुपारी. आधी गोळी घ्या."

"गोळी कुठं पळून जातेय? काचेवर ठेव आधी."

चार महिन्यांपूर्वी त्याची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून गाळ्यातली करवत, कानस आणि पॉलिश पेपर तिच्याकडे आले होते. शिवाय त्याची अंघोळ, त्याचा व्यायाम, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "सुधारतंय हो" म्हणून सांगण्याचं काम. पाय सुधारला होता, जीभही. गाल मात्र उतरला तो उतरलाच. गिऱ्हाइकांच्या आरशावर तिनं आपला ॲप्रन टांगून ठेवला होता. तो तिथं का, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

टेबलावर जाड, सपाट काच होती. तयार चष्मा तिच्यावर उलटा ठेवायचा. चारही ठिकाणी टेकला तर काम पुरं. एखादा कोपरा अधांतरी राहिला आणि बोट दाबल्यावर 'टक्' वाजला, तर लाकूड वाकलं. असा वाजलेला चष्मा या गाळ्यातून कधी बाहेर पडला नव्हता. प्लास्टिक तापवून वळवता येतं, तार पकडीनं. लाकूड ज्या चेहऱ्यासाठी कापलं त्याचंच राहतं, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. थंडीत गार लागत नाही, उन्हात चटका देत नाही, वापराल तसं तुमच्या कातडीचं तेल पिऊन चमकतं. हे सगळं कुणी न विचारता. मग पुठ्ठ्यावर चेहऱ्याचा साचा काढायचा. "हनुवटी वर, डोळे मिटा, हसू नका. हसलात की गाल वर जातात."

तिनं त्याचा चष्मा काढून घेतला आणि काचेवर उलटा ठेवला. अकरा वर्षं तेल प्यायलेलं लाकूड, जुन्या जिन्याच्या कठड्यासारखं गुळगुळीत. एकेका कोपऱ्यावर बोट दाबलं. चारही घट्ट टेकलेले. आवाज नाही.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. चष्म्याशिवाय त्याला टेबल म्हणजे नुसता तपकिरी ढीग दिसत असणार. कान मात्र शाबूत होते, आणि ते त्यानं इकडेच लावले होते.

तिनं काचेवर नख आपटलं. टक्.

"वाजला," ती म्हणाली.

त्यानं उजव्या हातानं खुर्चीची कड चाचपली. मग म्हणाला, "उद्या द्यायचे चार चष्मे याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातले ना?"

"हो."

"मोड ते."

"अहो, त्यांना काय झालंय?"

"फळीच खोटी निघाली. आज माझा वाकला, उद्या त्यांचे वाकतील. मोड म्हणतो ना."

ते चार चष्मे तिनं एकटीनं केले होते. पहिलेच. तीन आठवडे, त्याला झोपवून उरलेल्या वेळात. एक तर अशा मास्तरांचा, ज्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर वर होता. तिनं तोच उचलला. दोन्ही अंगठे मधोमध टेकवले. एवढंसं लाकूड, काडकन जाणार. अंगठ्यांची टोकं पांढरी झाली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"हात दुखतायत."

"दुखणारच." खुर्ची करकरली. "नखं काप तुझी. वाढलीयत."

तिनं चष्मा खाली ठेवला. स्टूल ओढलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बसली. रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. त्याची पिपाणी थांबली.

"आणि तो ॲप्रन काढ तिथला," तो म्हणाला. "आरसा काय लाजतो? गिऱ्हाइकांनी काय भिंतीत बघायचं?"

तिनं ॲप्रन काढून अंगात घातला. आरशात तो होता, पाठीमागे खिडकी. त्यानं डोळे बारीक करून तिकडे पाहिलं. त्याला फार काही दिसलं नसावं. त्यानं आपला हात गालावर नेला, खालपर्यंत फिरवला, एखादी फळी जोखावी तसा.

"तीन-चार मिलिमीटर," तो म्हणाला. "नवा साचा काढ."

तिनं खिळ्यावरचा त्याचा जुना साचा उतरवला नाही. नवा पुठ्ठा घेतला, पेन्सिलला टोक केलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं स्वतःहून मान वर केली. तरी तिनं सवयीनं सगळं म्हटलं.

"हनुवटी वर. डोळे मिटा. हसू नका."

"हसतोय कुठं?"

"उजवीकडं हसताय," ती म्हणाली, आणि पेन्सिल हवेत धरून थांबली.