छातीवरचा पाव

शब्बाथची, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, दुपार रणरणत होती आणि एझ्रा अंगणात आडवा पडला होता. आजारानं देह गेला तेव्हा त्याचं मन या पोलादी अंगात उतरवलं होतं. आज चालताना गुडघा अडकला. डोक्यातली पेटी अशीच तापत राहिली, तर आतलं सगळं पुसलं जाणार होतं.

त्याच्या बायकोला, मिलकाबाईंना, एकटीला ते धूड हलेना. "भावजी, हात लावा हो!" त्यांनी दिराला विनवलं.

नथान थळच्या सिनेगॉगचा हज्जान, प्रार्थना चालवणारा. तो हात मागे बांधूनच उभा राहिला. "शब्बाथला यंत्राला हात लावत नाहीत, वहिनी."

"यंत्र? सख्खा भाऊ आहे तुमचा! जीव वाचवायला शब्बाथ मोडलेला चालतो ना?"

"जीव असेल तर. बरं, भाऊच म्हणू, पण मेलेला. प्रेत उन्हात पडलं असेल, तर त्याच्यावर पाव ठेवून, पावच हलवतोय असं धरून, शब्बाथलाही सावलीत नेता येतं. तो मेलाय एवढं म्हणा, लगेच उचलतो."

देह गेल्यावरही इतकी वर्षं मिलकाबाईंनी मंगळसूत्र उतरवलं नव्हतं. त्या आत गेल्या, पाव आणला आणि एझ्राच्या छातीवर ठेवला.

"मेलेत हे," त्या किंचाळल्या. "मेलेत! उचला आता."

दोघांनी त्याला चिंचेच्या सावलीत नेलं. नथान समाधानानं घरी गेला. मिलकाबाई पोलादी हात कुरवाळत म्हणाल्या, "अहो, तुम्हाला वाचवायला बोलले मी ते."

"ऐकलं मी," एझ्रा म्हणाला. "अडकलाय तो गुडघा माझा, कान नव्हे."