पुलाखालच्या तीन नळ्या

डोळे मिटा पाहू क्षणभर. दुपार आहे, पण दिवा लावावा एवढा अंधार आहे. तुम्ही दहा वर्षांचे आहात. पाठीवर धाकटा भाऊ लुगड्यानं बांधलाय. पाणी घोट्याच्या वर आलंय. पळायचं म्हटलं तर पळता येतं. पण समोर बाजेवर आजोबा बसलेत आणि ते उठत नाहीत. दिसलं?

छकुली नेमकी तिथं उभी होती.

कळसच्या शिवारात, ओढ्याच्या काठी त्यांची वस्ती. साल सत्त्याण्णव. आई-बाप सकाळी बारामतीच्या बाजाराला गेले ते पाण्यापलीकडं अडकले. वरचा तलाव भरून सांडवा सुटला होता. शेजारच्या बानूबाई लेकरं घेऊन केव्हाच माळावर गेल्या. जाताजाता ओरडल्या, “सोनबाआबा, देवाला पवता येत न्हाय, आन् तुमालाबी!”

आबा नुसते हसले. दारापुढं मातीच्या ओट्यावर त्यांचा बिरोबा होता. नारळाएवढा धोंडा, शेंदूर लावलेला.

“पाणी देवाचं पाय धुतं आन् माघारी फिरतं,” आबा म्हणाले. “तीनदा बघितलंय म्या.”

तीनदा तसं झालंही होतं. पण तेव्हा ओढा मोकळा होता.

आता ओटा बुडाला होता. पाणी देवाच्या पायापाशी थांबलं नाही, अर्ध्या अंगाला लागलं. गोठ्यातली दोन कोकरं मघापर्यंत ओरडत होती. आता ओरडत नव्हती. तिकडं बघायचं नाही, असं छकुलीनं ठरवलं.

ती दाराबाहेर बघत होती. पाणी वरून यायला हवं. मग हे खालून, पुलाकडून, उलटं काय येतंय? युरियाच्या रिकाम्या गोण्या. रॉकेलचा फुटका डबा. मग एक पिवळी कॅरीबॅग गरगरत दाराशी आली. आत झेंडूच्या सुकल्या माळा. तोंडाला दोन गाठी. छकुलीनं गाठी ओळखल्या. सोमवारी तिनंच मारल्या होत्या, आणि पुलावरून तिनंच पिशवी खाली सोडली होती. वस्तीवरचा केर, देवाची फुलं, फवारणीच्या बाटल्या, सगळं ओढ्यात जायचं. वाहत्या पाण्याला दिलं की गेलं, असं सगळे म्हणायचे.

गेलं नव्हतं. पुलाखाली सिमेंटच्या तीन नळ्या होत्या. त्यांच्या तोंडाशी सगळं बसून राहिलं होतं.

“आबा, नळ्या बुजल्यात! पाण्याला जायाला वाटच न्हाय. ह्ये आता उतरायचं न्हाय, उठा!”

“गप गं. पाण्याला कोन अडवतंय?”

“आपुनच अडवलंय. ही बघा, आपलीच पिशवी.”

आबांनी पिशवीकडं पाहिलंच नाही. ते तिच्यामागून येणाऱ्या कशाकडं तरी पाहत होते. पाण्याखालून काळपट, जड, फुगलेलं असं काहीतरी सरकत आलं आणि उंबऱ्याला टेकलं. वाकळ होती. तिच्या कोपऱ्याला हिरव्या खणाचं ठिगळ होतं. म्हाळसाआजीची वाकळ. आजी आषाढात गेली तेव्हा तिचं अंथरूण रिवाजाप्रमाणं ओढ्याला दिलं होतं. आबांनी स्वतःच्या हातानं.

आबांचा चेहरा एकदम निवला. त्या चेहऱ्याचीच छकुलीला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

“आली,” ते हळूच म्हणाले. “न्ह्याया आली मला.”

“न्हाय वो आबा! आजी न्हाय ती. ती वाकळ नळीत अडकली हुती, आता सुटली.”

“तू जा, बाय. लेकराला घिऊन जा माळावर. मी हितंच बरा हाय.”

पाणी छकुलीच्या गुडघ्याला लागलं. पाठीवरचा शंभू रडून रडून थकला होता. तिनं आबांचा हात धरून ओढला. दहा वर्षांच्या पोरीनं ओढून म्हातारा माणूस हलतो होय?

“आबा, तुमच्या पाया पडते, चला.”

“आगं, देव बसलाय तवर मी कसा उठू?” आबा समजावणीच्या सुरात म्हणाले, जणू संध्याकाळी अंगणात गोष्ट सांगत होते. “मेंढरामागं हिंडायचो तवा बी त्योच नेम. देव उठला की आमी उठायचो. त्यो फुडं, आन् मेंढरं, मानसं, समदा वाडा त्याच्या मागं. त्याला सोडून कुनी जात न्हाय.”

बाज हलली. तिचा एक पाय जमिनीवरून सुटला होता.

छकुलीनं आबांचा हात सोडला आणि दाराबाहेर देवाकडं पाहिलं. पोरीच्या जातीनं त्या देवाला कधी शिवायचं नसतं, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. मागं एकदा खेळताना तिचा नुसता परकर ओट्याला लागला, तर आबांनी गोमूत्र शिंपडलं होतं आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

ती दाराबाहेर गेली. कमरेएवढ्या पाण्यात वाकली, आणि दोन्ही हातांनी धोंडा उपटला. तो वाटला होता त्याहून जड निघाला. ओला शेंदूर तिच्या छातीला, हनुवटीला माखला.

“ए!” आतून आबा किंचाळले. “ए छकुले! ठेव! ठेव त्येला खाली!”

तिनं ठेवला नाही. पाठीवर भाऊ, पोटाशी देव, अशी ती माळाच्या वाटेला लागली. पाय घसरत होता. एकदा ती गुडघ्यावर पडली, पण हात सोडले नाहीत.

“कुळ बुडवलंस, कार्टे! थांब! तंगडं मोडतो तुजं!”

शिव्या आता घरातून येत नव्हत्या, पाण्यातून येत होत्या. दमलेल्या, धापा टाकणाऱ्या, आणि दर पावलाला थोड्या जवळ.

छकुलीनं मागं वळून पाहिलं नाही. ती भराभर चढ चढू लागली.