वह्यांची अदलाबदल

वाचनालयातल्या लेखन कार्यशाळेत सासू-सून शेजारी शेजारी बसल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली : 'दाराशी एक बॅग आहे.'

"इथून पुढे लिहा. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही."

सुनेला आधी काही सुचेना. मग हात आपोआप धावू लागला. कपडे मैत्रिणीकडे पोचलेत. सोमवारी खाली दुकानात बसलेल्या नवऱ्याची नजर चुकवून निघायचं. आता मार खायचा नाही. ती भानावर आली तेव्हा पान भरलं होतं.

"आता शेजारणीशी वह्या बदला," बाई म्हणाल्या.

सुनेनं पानावर हात ठेवला. सासूबाईंनी तो बाजूला केला, चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लेकाच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार होता?

सासूबाईंनी ते पान आवाज न करता फाडलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं.

"तो तुझ्या वह्या चाळतो, असलं लिहून ठेवू नकोस," त्या कुजबुजल्या. "आणि सोमवारी सकाळपासून माझे गुडघे दुखणार आहेत. दवाखान्यात त्यालाच घेऊन जाईन."