तिघांच्या सहीचा आदेश

पडद्यावरचा निळा ठिपका हलत नव्हता. ठिपका म्हणजे क्रांतीचा मोबाइल. क्रांती म्हणजे नाथाजींची सून. दिवस भरलेली, मळ्यातल्या घराच्या माळ्यावर एकटी. कृष्णेचं पाणी उंबऱ्याला लागलं होतं. कळा सुरू झाल्याचा फोन येऊन वीस मिनिटं झाली होती.

सोसायटीच्या वरच्या मजल्यावर गावाचा संयुक्त नियंत्रण कक्ष होता. त्यात तीन सख्खे भाऊ, तिघंही निवृत्त. सुभेदार नाथाजींकडे ट्रॅक्टर, म्हणजे जमीन. नौदलातल्या नारायणरावांकडे नाव म्हणून जिन्याखाली बांधलेली गुऱ्हाळाची काहील, म्हणजे पाणी. हवाई दलातल्या जोतिबांकडे उसावर औषध मारायचं ड्रोन, म्हणजे आकाश. गेल्या पुरात तिघांनी एकच शेळी तीनदा वाचवली होती. तेव्हापासून नियम झाला: तिघांची सही झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

“काईल सोडतो,” नारायणराव म्हणाले.

“आदी वरनं बगू तर द्या,” जोतिबा म्हणाले.

“रस्ता सपतो कुठं ते ठरंल, मग पाणी,” नाथाजी म्हणाले. लष्कर थोरलं होतं.

नाथाजींच्या बायकोनं, लीलाबाईंनी, चहा आणला. पडद्याकडं पाहिलं.

“आवं, पोरगी एकटी हाय तितं.”

“आदेश निघतोय.”

लीलाबाईंनी कपबशा ठेवल्या आणि त्या खाली गेल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. ‘तातडीनं’ लिहायचं की ‘तत्काळ’, यावर सही अडली होती.

तिसरी सही झाली आणि ठिपका हलला.

तो उसावरून सरकू लागला. नाथाजींनी फोन लावला. घर वाहून गेलं होतं? क्रांती फोन उचलत नव्हती. मिरजेच्या रस्त्याच्या अलीकडं, भर पाण्यात, ठिपका थांबला. थांबला तो थांबलाच.

नारायणराव जिना उतरून धावले आणि तसेच परत आले. “दादा, काईल न्हाई. नुसता दोर हाय.”

तेवढ्यात नाथाजींचा फोन वाजला. पलीकडून आधी तान्ह्या बाळाचं रडणं आलं, मग लीलाबाईंचा आवाज.

“काईलीतच झाली. नात हाय. दोगीबी बऱ्या हायत. तुमचा आदेश निघाला का?”

नाथाजींनी टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं. तिघांच्या सह्या होत्या, शिक्का होता. वर लिहिलं होतं: ‘काहील तत्काळ तयार ठेवावी.’