दाराची आतली बाजू

जासईच्या यार्डात एका रिकाम्या कंटेनरचं दार अर्धवट ओढून खलीलने आतून दोन फोटो काढले. एक जुन्या कॅमेऱ्याने, एक नव्याने. फ्लॅश लावला की पत्रा चमकतो आणि फोटो वाया जातो. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, पार वर नेऊन अंधारातच काढायची, ही कंटेनर तपासणाऱ्या सर्व्हेअरची त्याची सवय.

याच कंटेनरमध्ये कंटेनर आतून धुणारा शिवा मेला होता. दार लावण्याआधी पत्र्यावर तीन थापा मारायच्या आणि आतून ओ येते का ऐकायचं, ही यार्डाची रीत. शनिवारी कोणी थापा मारल्या नाहीत. दार उघडलं ते सोमवारी. काम करतानाच शिवाचं हृदय बंद पडलं, दार नंतर लागलं, असं यार्डाने लिहून दिलं.

जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे होते. पण त्या दाण्यांतून दारावर कमरेच्या उंचीला बारीक रेघा दिसत होत्या. नव्या कॅमेऱ्याने दाणे आपोआप पुसले होते आणि त्यांच्यासोबत रेघाही. खलीलने दारावर बोट फिरवलं. नखांचे ओरखडे होते.

मॅनेजर मितेशने दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. जुना जरा जास्तच वेळ पाहिला.

"यात नुसता नॉइज हाय, दाणेच दाणे," तो म्हणाला. "रिपोर्टला नवा लाव, हा उडव. कंटेनर दुपारी रंगाला जातोय."

मितेश समोरून हलला नाही. खलीलची नोकरी त्याच्याच सहीवर चालायची. खलीलने बटण दाबलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

गेटवर शिवाची बायको काशी बसली होती. चार दिवस ती येईल जाईल त्याला एकच विचारत होती, तो लगेच गेला ना. आज तिने खलीलकडे आतला फोटो दाखवायचा हट्ट धरला. त्याला नाही म्हणवेना. त्याने नवा कॅमेरा तिच्यापुढे धरला.

काशीने डोळे पुसले आणि तोंड स्क्रीनजवळ नेलं. भिंत, फळ्या, दार. कुठे एक डाग नव्हता.

"बगा खलीलभाऊ," ती म्हणाली, "मरता मरता पन किती साफ करून गेला."