हिरामणने तोडलेला शेवट

टीव्हीवर कारखान्याचं गेट बंद झालं. बाहेरचे कामगार गेटाकडे बघत राहिले. कोणी बोललं नाही, संगीतही थांबलं. मृणालीने पेनाला टोपण लावलं. आता 'समाप्त' येणार होतं.

आलं नाही. गेटासमोर एक मोटार येऊन थांबली.

मृणालीने आजूबाजूला पाहिलं. पेणच्या शाळेच्या हॉलमध्ये चित्रपट रसास्वाद शिबिराचे तीस-बत्तीस जण बसले होते. कोणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. मोटारीतून मालकाची मुलगी उतरली. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. व्हायोलिनं वाजायला लागली.

सकाळी याच हॉलमध्ये तिने आपला निबंध वाचला होता. नऊ पानं, सगळी या चित्रपटाच्या शेवटावर. हा चित्रपट बंद गेटाशी संपतो, म्हणून तो मेलोड्रामा उरत नाही, वास्तववादाकडे सरकतो. दिग्दर्शक उत्तर न देता प्रश्न प्रेक्षकाच्या हातात ठेवतो. शेवटचा शॉट बावीस सेकंदांचा आहे, असंही तिने लिहिलं होतं. सहावीत असताना तिने तो रोह्याच्या टॉकीजमध्ये तीनदा पाहिला होता आणि तिसऱ्या वेळी मनात आकडे म्हणत मोजला होता. पुढे रसायनशास्त्रात पदवी घेतली, तरी ते बावीस सेकंद तिच्या डोक्यातून गेले नव्हते. ज्याचा निबंध सर्वांत चांगला, त्याला पुण्याच्या मोठ्या अभ्यासक्रमासाठी शिफारसपत्र मिळणार होतं. वाचून झाल्यावर शिबिर घेणारे कमळाकर सर एवढंच म्हणाले होते, "दुपारी चित्रपटच बघू या."

गेट उघडलं. कामगार धावत आत गेले. सर्वांत म्हाताऱ्या कामगाराने मालकाच्या गळ्यात हार घातला. समाप्त.

सरांनी टेप थांबवली. पडदा निळा झाला.

"मृणाली, निबंध उत्तम आहे," सर म्हणाले. "फक्त तो चित्रपट कोणी काढलेला नाही."

हॉल हसला.

"तू पाहिलास कुठे हा?"

"रोह्याला, सर. बाराच्या खेळाला. गेट बंद व्हायचं आणि लगेच समाप्त यायचं. सगळ्यांनी तसाच पाहिलाय."

"ते हिरामण तोडायचा," दारातून आवाज आला.

सगळे वळले. मृणालीचे बाबा चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभे होते; शेवट त्यांनी तिथूनच पाहिला होता. रोह्याजवळ धाटावला ते कामाला होते ती कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला येत. शिबिराचे चार दिवस संध्याकाळी बापलेक एकाच एसटीने घरी जात होते. त्यांच्या भुवया प्लास्टरने पांढऱ्या झाल्या होत्या.

"माझे बाबा," मृणाली म्हणाली.

"या, या. हिरामण कोण?"

"टॉकीजचा ऑपरेटर, सर. अडीचला टॉकीजसमोर कंपनीची बस लागायची, तीनच्या शिफ्टला. पिक्चर लांब असला की हिरामण शेवटचं रीळ लावायचाच नाय. समाप्तची पट्टी तेवढी कापून आधीच्या रिळाला चिकटवायचा. बस चुकली तर खाडा पडायचा ना."

"तुम्हाला माहीत होतं?" मृणालीने विचारलं.

"सगळ्यांनाच म्हाईत व्हतं."

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

बाबांनी मान खाजवली. हातावर पांढरा भुगा पडला. "तुला तसाच आवडला व्हता गो."

सरांनी खिशातून छोटी डायरी काढली. "काय सुंदर आहे हे! चित्रपटाचं संकलन केलं कोणी, तर तीनच्या शिफ्टने. पुण्याला गेल्यावर हे सांगायलाच हवं." त्यांनी लिहून घेतलं. हिरामणचं आडनाव विचारलं नाही.

डायरी खिशात घालून ते मृणालीकडे वळले. "असं कर. उद्या शेवटचा दिवस आहे. आज रात्रीत शेवटची चार पानं नव्याने लिही. किल्ल्या, मोटार, तो हार, हे सगळं मेलोड्रामाच्या अंगाने घे. तुझी भाषा चांगली आहे. शिफारस तुलाच देतो. पण खऱ्या शेवटावर लिहायला हवं, एवढंच."

मृणालीने पुढ्यातली नऊ पानं सारखी केली.

"काका, तुम्हीही आज पहिल्यांदाच खरा शेवट पाहिलात ना?" सरांनी हौसेने विचारलं. "हा खरा प्रेक्षक बरं का," ते हॉलला म्हणाले. "बोला काका, कसा वाटला?"

बाबा निळ्या पडद्याकडे बघत होते.

"गेट उघडलं कोणी, ती मालकाची पोरगी?"

"हो, मुलगीच."

"आमच्या मालकाला पोरगी नाय, सर."

हॉल पुन्हा हसला, या वेळी जास्त. सरही हसले. सगळे हसताहेत म्हणून बाबाही थोडे हसले.

मृणाली उठली. तिने नऊ पानं पुन्हा एकदा सारखी केली, टाचणी लावली आणि जशीच्या तशी सरांच्या टेबलावर ठेवली. मग पिशवी खांद्याला अडकवली.

"अगं, निघालीस कुठे?" सर म्हणाले. "शेवटावरची चर्चा राहिलीय अजून."

"नाही थांबता येणार, सर," ती म्हणाली. "बस चुकेल."